रात्री साडेनऊला मोडणारा संकल्प

आहारातली कर्बोदकं कमी करायची आणि रोज मोकळ्या हवेत चालायचं, असं ठरवून उत्साहानं सुरुवात केलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात समुपदेशनाला येतात. सगळ्यांचं सांगणं जवळपास एकच असतं: "दिवसभर सगळं पाळतो, रात्री मोडतं. माझ्यात मनोनिग्रहच नाही." वय वेगळं, व्यवसाय वेगळा, तक्रार तीच. म्हणून त्यांतल्या एका बाईंची हकिगत इथे मांडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

बाई त्रेचाळीस वर्षांच्या, काम हिशेब तपासणीचं. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून एक वही काढून टेबलावर ठेवली. पानापानावर तारीख, वेळ आणि लाल शाईनं लिहिलेली चूक. ‘९.२५ – बिस्किटं सहा.’ ‘९.४० – पाव, जॅम.’ ‘९.३० – उरलेला भात, उभ्यानंच.’ वही चाळताना एक गोष्ट लगेच दिसत होती. लाल शाई नऊ ते दहाच्या बाहेर कुठेच नव्हती.

"दिवसाला २० ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवायची असं ठरवलंय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी तासभर झपाझप चालते. दिवसभर एकही चूक नाही, मॅडम. रात्री मात्र डबा उघडतेच. लहानपणापासून अशीच आहे मी, धरसोड."

मी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंत?"

"काही नाही. कोरी कॉफी."

"दुपारी?"

"मोठा वाडगाभर सॅलड. काकडी, टोमॅटो, पानं. तेल अगदी चमचाभर."

"मग चालायला जाईपर्यंत?"

"दहा बदाम. मोजून."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो मला महत्त्वाचा वाटला. आम्ही कागदावर बेरीज मांडली. कॉफीत शून्य, सॅलडमध्ये फार तर तीन-चार ग्रॅम प्रथिनं, दहा बदामांत अडीच. संध्याकाळी सहापर्यंत दहा ग्रॅमही प्रथिनं नाहीत आणि एकूण ऊर्जा जेमतेम अडीचशे कॅलरी. त्यानंतर तासभर झपाझप चालणं, म्हणजे जवळपास तेवढीच ऊर्जा खर्च. कर्बोदकं कमी केली ती ठीक, पण त्यांनी भीतीपोटी स्निग्ध पदार्थही कमी केले होते. ऊर्जेचे दोन्ही मार्ग बंद केल्यावर शरीरानं चालायचं कशावर?

त्या बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे असंच असतं. फरक वर्षअखेरीला सापडतो, घोळ झालेला असतो पहिल्या तिमाहीत." आणि थोडं थांबून, "म्हणजे मी दिवसभर चांगली वागते, म्हणून रात्री मोडते?"

हा प्रश्न मी त्यांना दिला नव्हता, तो त्यांच्याच तोंडून आला. समुपदेशकाला यापेक्षा जास्त काही नको असतं. तीस वर्षं ‘मी धरसोड आहे’ असं मानणाऱ्या माणसाला ‘तुम्ही तशा नाही’ असं शंभरदा सांगून फरक पडत नाही. पण स्वतःच्याच कामाची रीत स्वतःच्या दिवसाला लावून पाहिली, की दोष स्वभावातून उठून वेळापत्रकात जाऊन बसतो. वेळापत्रक बदलता येतं. माझी कामाची पद्धत बरीचशी याच विश्वासावर उभी आहे: माणसाच्या स्वभावाकडे जाण्याआधी त्याच्या दिवसाची रचना तपासायची, आणि गोष्ट जिथे मोडली तिथून चार-सहा तास मागे जायचं. खोल कारणं शोधायला नंतर वेळ असतोच. बहुतेकदा ती शोधावी लागत नाहीत.

पुढच्या भेटीत आम्ही वहीची रचना बदलली. रात्रीच्या चुकीचा रकाना काढून टाकला. त्याजागी तीन रकाने आले: सकाळी दहापर्यंत किती प्रथिनं, दुपारच्या जेवणात किती, आणि चारच्या सुमारास डोकं कसं होतं.

आकडे ठरवताना मी २० ग्रॅमचा हट्ट सोडायला सांगितला. साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या आतल्या आहाराला लो-कार्ब म्हणतात. ५० ग्रॅमच्या आत गेलं की तो कीटोजेनिक, म्हणजे शरीराला मुख्यतः चरबीवर चालवणारा प्रकार होतो, आणि त्याची शिस्त वेगळी असते. रोज बाहेर चालणाऱ्या, डोंगर चढायची हौस असणाऱ्या माणसानं १०० ग्रॅमच्या आसपास सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अंदाजासाठी चार आकडे पाठ असले तरी पुरतात. शिजलेल्या भाताच्या एका कपात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदकं, पावाच्या एका स्लाइसमध्ये १२ ते १५, मध्यम केळ्यात २७ आणि एका अंड्यात एक ग्रॅमसुद्धा नाही. फळांच्या रसाचा मोठा पेला मात्र पंचवीसेक ग्रॅम घेऊन जातो आणि पोट भरत नाही. रस पहिल्या दिवशीच बंद करावा, फळ चावून खावं.

सकाळी तीन अंडी आणि अर्धी वाटी बिनसाखरेचं दही, म्हणजे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं. दुपारी शिजवलेले मासे किंवा चिकन सव्वाशे ग्रॅम, नाहीतर घट्ट टोफू दोनशे ग्रॅम. सोबत दोन वाट्या तेलात परतलेल्या भाज्या आणि वाटीभर कडधान्य. तेल मोजायचं नाही, भाजीला पुरेल एवढं घ्यायचं. सॅलड हवं तर या सगळ्यासोबत खायचं, याच्या बदल्यात नाही. साठ किलो वजनाच्या, अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दिवसाला ७० ते ९५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ती एकट्या रात्रीच्या जेवणात बसवता येत नाहीत.

"चारला डोकं दुखतं," त्या पुढच्या आठवड्यात म्हणाल्या. "खाणं नीट आहे तरी."

"पाणी किती पिता?"

"चार लिटर. सगळे सांगतात ना."

"आणि मीठ?"

"तेही कमी केलंय."

इथे बरेच जण अडकतात. कर्बोदकं कमी झाली की इन्शुलिन उतरतं, आणि मग मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात. मीठ कमी, वरून साधं पाणी भरपूर, मग डोकं दुखतं, उठताना गरगरतं, पोटऱ्यांत पेटके येतात. माणसाला वाटतं, हा आहार आपल्याला मानवत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत दुपारी कपभर खारट सूप, म्हणजे त्यात अर्धा छोटा चमचा मीठ, आणि तहान लागेल तेवढंच पाणी, एवढ्यानं बहुतेकांची तक्रार एक-दोन दिवसांत जाते. त्यांचीही गेली. मात्र रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.

औषधांचंही इथेच सांगते, कारण हे नंतरवर ढकलण्यासारखं नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्यांसोबत फार कडक लो-कार्ब केल्यास रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी साखर तपासणीत फारशी वाढलेली दिसतही नाही. रक्तदाबाच्या गोळीचा डोसही बदलावा लागू शकतो. तेव्हा आधी डॉक्टर, मग आहार. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नये. आणि खाल्लेलं लपवणं, ओकून काढणं, दिवसातून चार-पाच वेळा वजन करणं असं काही चालू असेल, तर मी आहाराचा विषयच बाजूला ठेवते. तिथे आधी खाण्याशी असलेल्या त्या नात्यावर उपचार लागतात.

चालण्याची मांडणी आम्ही मोडून पुन्हा केली. संध्याकाळी सहाचा तासभराचा सपाटा बंद. दुपारच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं बाहेर आणि रात्री आठला जेवून नऊ वाजता पुन्हा पंचवीस-तीस मिनिटं. जेवणानंतर चालताना स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न बघता उचलतात, म्हणून हीच वेळ सगळ्यात कामाची. वेग असा की बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. पाच दिवसांचे मिळून दोनशेच्या आसपास मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगितला आहे, त्यातला पहिला भाग यात बसतो. दुपारी बाहेर पडण्याचा आणखी एक फायदा उजेडाचा. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट प्रकाश असतो. दिवसा डोळ्यांना तो मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं आणि रात्रीची झोप सुधारते.

त्यांच्या लगेच लक्षात आलं. "म्हणजे साडेनऊला मी घरातच नसणार!"

हो, मोहाच्या वेळी मनाशी कुस्ती खेळण्यापेक्षा तिथे नसणं सोपं. बूट दाराशी, मोजे बुटातच आणि टॉर्च वर ठेवलेला. जेवणाचं ताट धुवायला ठेवलं की थेट बूट, मध्ये सोफा नाही. पाऊस आला तर काय, हेही आधीच लिहून ठेवलं: ‘पाऊस असेल तर जिन्यावर दहा मिनिटं, सावकाश.’ तेव्हाचं तेव्हा बघू, असं म्हणणाऱ्याचा पहिल्याच पावसात खंड पडतो.

सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचा होता. तिथे मी थोडा धीर धरायला लावला. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजनच्या रूपात साठवतात. कर्बोदकं कमी केली की हा साठा उतरतो आणि चढणीवर पाय शिशासारखे जड होतात. शरीर चरबीवर चालायला सरावेपर्यंत दोन ते चार आठवडे जातात. तोवर सपाटीवरून दोन तास सावकाश चालावं, चढ नंतर. सोबत तासाला अर्धा लिटर पाणी, दोन उकडलेली अंडी, तीस ग्रॅम खारे बदाम आणि पुढे चढाचे दिवस आले की चढणीआधी एक केळं. केळ्याला त्यांनी जोरदार हरकत घेतली. पण चढणीआधी अर्धा तास खाल्लेलं केळं पायांतच खर्च होतं, त्याला नियमभंग म्हणायचं कारण नाही. बदाम मात्र पिशवीतून नाही, छोट्या डबीतून. १०० ग्रॅम बदामांत ५८० च्या आसपास कॅलरी असतात आणि गप्पांच्या नादात पिशवी रिकामी होते. काजूंत कर्बोदकंही बरीच, तेव्हा ते घरीच बरे.

दीड महिन्यानंतर त्या चेहरा पाडून आल्या. नात्यातला एक समारंभ झाला होता. गोड, भात, सगळं पोटभर खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन सव्वा किलो जास्त. "एवढ्या दिवसांची मेहनत एका दिवसात गेली. मग संध्याकाळी बिस्किटंही खाल्ली. आता काय राहिलंय?"

"एका दिवसात सव्वा किलो चरबी वाढायला साडेनऊ हजारांच्या आसपास जादा कॅलरी लागतील. तेवढं खाल्लंत?"

"छे! कसं शक्य आहे?"

"मग वाढलं काय?"

साठ्यात परतलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी थांबतं. ३०० ग्रॅम साठा भरला की वजन १२०० ग्रॅमनं वाढतं. पहिल्या आठवड्यात झरझर उतरलेलं वजनही बरंचसं हेच पाणी होतं. त्यामुळे त्या वेळचा आनंद आणि आताची निराशा, दोन्ही एकाच पाण्याच्या खात्यात जातात. ही बेरीज त्यांनी स्वतः पेन घेऊन केली. चेहरा तिथेच उतरायचा थांबला.

समारंभातलं जेवण निरुपद्रवी होतं. नुकसान केलं ते ‘आता काय राहिलंय’ या विचारानं. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी हे एका प्रयोगात दाखवलं होतं. पथ्य पाळणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला आणि मग चवीसाठी आइस्क्रीम पुढे ठेवलं. मिल्कशेक न मिळालेल्या पथ्यकऱ्यांपेक्षा मिल्कशेक प्यायलेल्या पथ्यकऱ्यांनी जास्त आइस्क्रीम खाल्लं. पथ्य मोडलंच, तर पूर्णच मोडू! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे नोंदवल्या. सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय घडण्यात लक्षणीय फरक पडला नाही. हा शेवटचा निष्कर्ष मी प्रत्येकाला सांगते. त्या बाईंनी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

आम्ही एकच नियम ठरवला: पुढचं जेवण नेहमीचं. उपास नाही, दुप्पट चालणं नाही, भरपाई नाही. भरपाईचा उपास केला की पुन्हा कोरी कॉफी, पुन्हा रिकामं पोट आणि पुन्हा साडेनऊ. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "आता जमतंय. मग ५० ग्रॅमवर येऊ का?"

"कशासाठी? अडतंय काही?"

"नाही. पण आणखी चांगलं होईल ना?"

मी सुचवलं की आणखी दोन महिने आहे तेच ठेवायचं आणि रक्ततपासणी करून बघायची. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, अपेक्षेप्रमाणे उतरत असतील तर आकडा हलवायचं कारण नाही. उतरत नसतील तर आधी रात्रीच्या ताटातला भात निम्मा करायचा, सकाळ-दुपारला हात लावायचा नाही. पोट साफ होत नसेल तर भाज्या वाढवून दह्यात चमचाभर जवसाची पूड घालायची, आणि त्या दिवसांत पाणी थोडं जास्त प्यायचं.