जुनी गाडी चढावर ओढत नाही, मेकॅनिक म्हणतो म्हणून फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा) बदलू का?

इतक्यात नको. आधी मेकॅनिकला विचारा, पंपाचं प्रेशर मोजलं का? "मोजायचं काय त्यात, पंपच असणार" असं उत्तर आलं तर गाडी घेऊन परत या.

तुम्ही लिहिलंय: १४ वर्षांची पेट्रोल गाडी, मॅन्युअल गियर, सपाटीला बरी चालते, चढावर आणि ओव्हरटेक करताना दम सोडते. प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, फरक काहीच नाही. पण रेस दिल्यावर आरपीएमचा काटा काय करतो ते लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथंच अडलंय.

मोकळा रस्ता बघून चौथ्या गियरला ५० च्या आसपास या आणि पेडल पूर्ण दाबा. काटा सर्रकन वर गेला, आवाज वाढला, पण वेग जागचा हलला नाही तर इंजिन ठणठणीत आहे. ताकद चाकापर्यंत पोचतच नाही, म्हणजे क्लच स्लिप होतोय, पकड न धरता नुसता घसरतोय. चढावर करपल्यासारखा वासही आला असेल. अशा गाडीला दहा पंप बदलले तरी ती तशीच राहील.

काटाही वेगाबरोबरच रेंगाळत चढत असेल तर इंजिन दमलंय, नाहीतर गाडीला मागून कुणीतरी धरून ठेवलंय. दुसरी शक्यता फुकटात तपासता येते. आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक भलतंच तापलं असेल तर तिथला ब्रेक दाबणारा कॅलिपर जॅम आहे किंवा हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नाही. आणि हसू नका, पण पेडलखालची मॅटही बघा. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणारी) झडप पूर्ण उघडते का ते पाहायचं. केबलवाल्या गाड्यांत केबल ढिली पडून झडप अर्धीच उघडत राहते आणि आपण वर्षभर इंजिनला शिव्या घालतो.

जुने प्लग टाकून दिले नसतील तर शोधून काढा. चारही सारखेच तपकिरी-करडे असतील तर ठीक. चारही पांढरे फटक असतील तर पेट्रोल कमी पडतंय, काजळीने काळे असतील तर जास्त पडतंय. तीन एकसारखे आणि एकच वेगळा असेल तर भानगड त्या एका सिलिंडरपुरती, म्हणजे बहुधा कॉइल (प्लगला वीज देणारी) किंवा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा). तिथली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. मिसिंग, म्हणजे पेट्रोल न पेटल्याने बसणारे गचके, तिच्याबरोबर सरकलं तर चोर सापडला.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी लावाच, कारण कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलतात. त्यात 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा. कॉम्प्युटर आलेल्या हवेवरून पेट्रोलचा हिशेब करतो, मग धुराच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की कमी पडलं की जास्त झालं, आणि त्यावरून कॉम्प्युटर जी सुधारणा करतो तिचे हे टक्के. शून्याच्या पाच खालीवर असेल तर विचार करू नका. +१० टक्क्यांच्या वर गेला तर इंजिन पेट्रोलसाठी ओरडतंय. पण केव्हा ओरडतंय ते महत्त्वाचं. नुसतं चालू ठेवल्यावर आकडा मोठा आणि २५०० आरपीएमला नेल्यावर खाली येत असेल तर कुठल्या तरी फाटक्या व्हॅक्यूम होजमधून (इंजिनाच्या हवेच्या रबरी नळीतून) चोरून हवा शिरतेय. उलट उभी असताना आकडा नॉर्मल आणि लोड आला की चढत असेल तर एक तर पेट्रोल खरंच पुरत नाही, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर घाण होऊन कमी आकडा सांगतोय. तो सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ होतो, त्यामुळे आधी तो करा.

तरीही पेट्रोलचाच संशय उरला तर मेकॅनिकचा पंप विचारात घेऊ. पण गेज लावून, आणि गाडी ओढत असताना. बहुतेक साध्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत ३ ते ४ बार प्रेशर लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. उभ्या गाडीत म्हातारा पंपही छान प्रेशर दाखवतो, चढावर त्याचं पितळ उघडं पडतं. प्रेशर पडलं तरी लगेच पंपावर जाऊ नका. फिल्टर आणि टाकीतली जाळी तुंबलेली असू शकते, किंवा पंपाच्या वायरला गंज लागून त्याला पूर्ण व्होल्टेजच मिळत नसेल. वायर तशीच राहिली तर नवा पंपही तसाच रडेल.

ट्रिम नॉर्मल, प्रेशर ठीक, कोड एकही नाही, तरी गाडी मेलेली. या कोड्यात मी चार महिने घालवले. माझ्या गाडीत आधी तिसऱ्या सिलिंडरला मिसिंग होतं, कोड पी०३०३. गचके खात का होईना पण चालत होती, म्हणून मी तशीच दामटली. दिवा लुकलुकायचा. लुकलुकणारा दिवा म्हणजे 'आत्ताच्या आत्ता थांब', हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शेवटी कॉइल बदलली, मिसिंग गेलं, पण हळूहळू गाडी ३००० आरपीएमच्या वर जाईना. प्लग, फिल्टर, इंजेक्टरची सफाई, सगळं झालं. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने थंड गाडीचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर खोलून काढला आणि म्हणाला, "आता दे रेस." ट्रॅक्टरसारखा आवाज झाला, आणि काटा ३००० ओलांडून मजेत ४५०० वर गेला. मी बघतच राहिलो. त्या भोकातून इंजिनाला श्वास सोडायला वाट मिळाली होती.

न जळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लायनीतल्या धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटत होतं. कापून पाहिला तर आतली मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी वितळून गोळा झालेली. धूर बाहेर पडत नाही म्हणून नवी हवा आत कमी येते, कमी हवेला कॉम्प्युटर कमी पेट्रोल देतो, हिशेब बरोबर जुळतो. म्हणून स्कॅनर सगळं आलबेल सांगत होता. सेन्सर काढायचा प्रयोग उघड्यावर आणि मिनिटभरच करा, गरम गॅस बाहेर फेकला जातो. नीट मोजायचं असेल तर त्याच भोकात प्रेशर गेज लावून २५०० आरपीएमला बघा, ३ पीएसआयच्या वर गेलं तर सायलेन्सरच्या लायनीत बूच आहे.

हे सगळं निर्दोष निघालं तरच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि टायमिंग (व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडतात का) तपासा. कॉम्प्रेशनमध्ये आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. टायमिंग बेल्ट अलीकडे बदलला असेल आणि त्रास तेव्हापासूनच असेल तर मात्र हे आधी तपासा, एक दात चुकला तरी गाडी अशीच मरगळते.

आधी काट्याचं काय होतं ते सांगा, आणि यापूर्वी कधी गचके खात होती का, तेही.