नुसत्या उसाच्या वाड्यावर म्हशी सांभाळता येतात का?

तुम्ही विचारलंय, ऊसतोड सुरू झाली की वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जवळजवळ फुकट मिळतं, पेंड परवडत नाही, मग दोन दुभत्या म्हशी वाड्यावरच ठेवल्या तर चालेल का?

नुसत्या वाड्यावर नाही. पण कोल्हापुरातल्या करवीरसारख्या उसाच्या पट्ट्यात राहून वाडं सोडूही नका, त्याला जोड द्या.

वाड्यात प्रथिनं कमी असतात, सुक्या वजनावर जेमतेम ५-६ टक्के. त्याहून घातक वाड्यातला ऑक्झलेट नावाचा घटक. ते पोटात कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि तो शेणावाटे निघून जातो. दुधातून कॅल्शियम रोज जातोच, मग म्हैस तो हाडांतून काढते. पोट भरलेलं दिसतं, पण दूध उतरतं, माज नीट दाखवत नाही, आणि व्याल्यावर म्हैस बसण्याचा, म्हणजे उठताच न येण्याचा, धोका वाढतो.

यावर जुना उपाय चुन्याच्या निवळीचा. कळीचा चुना मातीच्या माठात भरपूर पाण्यात विरवायचा आणि रात्रभर हलवायचा नाही. विरताना पाणी उकळतं, पोरंबाळं लांब ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद काढून कुट्टी केलेल्या वाड्यावर शिंपडायचं. खालचा गाळ अजिबात नको. शिवाय दर म्हशीला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण.

प्रथिनांसाठी आधी बांधाकडे बघा. शेवरी, हादग्याची झाडं लावून ठेवा, छाटलं की पुन्हा फुटतात. भुईमुगाचे वेल वाळवून ठेवले असतील तर सोनं आहे, सोयाबीनचं भुसकटही चालतं. सुबाभूळ मात्र ओल्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊ नका, त्यातल्या मायमोसिन या विषारी घटकाने केस गळतात. एवढं केलं की पेंड कमी लागेल, पण दुभत्या म्हशीची पूर्ण बंद करू नका.

सुकंही हवंच. शाळूचा कडबा किंवा भाताचं पिंजर (पेंढा) मिळून दर म्हशीला रोज ५-६ किलो, आणि ओलं १५-२० किलो. सुक्यामुळे रवंथ भरपूर होते, दुधाची फॅट टिकते. पन्हाळा-शाहूवाडीकडचं पिंजर स्वस्त मिळालं तर १०० किलोला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा आणि २१ दिवस हवाबंद दाबून ठेवा. सहा महिन्यांखालच्या रेडकांना ते घालू नका.

वाडं एकदम सुरू न करता आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. ढिगात तापून काळं पडलेलं टाकून द्या.

म्हशी गाभण आहेत का, किती दूध देतात ते लिहा, म्हणजे पेंडीचा हिशोब सांगतो.