मोफत सॉफ्टवेअर घेण्याआधी मी काय तपासतो

घरच्या संगणकासाठी इंटरनेटवर मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घेण्याजोगे आहे की नाही, हे संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसाने कसे ठरवावे, असे आपण विचारले आहे. मी बेळगावात राहतो. आमच्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा टायपिंगपासून सुरू होतो, कारण इथल्या मराठी घरात मुलांचा निबंध मराठीत लिहायचा असतो आणि एखादा अर्ज कन्नडमध्ये करायचा असतो.

काही वर्षांपूर्वी मीही मराठी टायपिंगसाठी मोफत काही मिळते का ते शोधले आणि समोर आलेल्या पानावरचे मोठे हिरवे बटण दाबले. ते बटण जाहिरातीचे होते. खरा दुवा खाली बारीक अक्षरांत होता. टायपिंगचे साधन आलेच नाही, पण ब्राउझरचे पहिले पान बदलले आणि ‘संगणकात दोष आढळले आहेत, दुरुस्तीसाठी पैसे भरा’ अशी खिडकी वारंवार उघडू लागली. शेवटी विंडोज नव्याने बसवावे लागले, आणि दुसरी प्रत ठेवलेली नसल्यामुळे मुलीच्या शाळेतले दोन वर्षांचे फोटो गेले. त्याचे वाईट मला अजूनही वाटते.

म्हणून माझी पहिली तपासणी ही, की ही सोय संगणकात आधीच आहे का. विंडोज १० च्या मे २०१९ मधील अपडेटपासून मराठी आणि कन्नडसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करण्याचे) विंडोजमध्येच मिळतात, आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाणित कीबोर्ड तर त्याच्याही आधीपासून आहे. सेटिंग्जमध्ये भाषा जोडली की काम होते. याउलट, विंडोजसाठीचे गूगल इनपुट टूल्स हे टायपिंगचे साधन गूगलने स्वतः देणे बंद केले आहे, तरी त्याच्या प्रती भलत्याच संकेतस्थळांवर फिरत असतात. ज्या फाइलची जबाबदारी तिचा निर्माताच आज घेत नाही, ती मी घेत नाही.

दुसरा प्रश्न असा, की हे कोण बनवते आणि त्याचा खर्च कसा भागतो. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इथे तो फरक फार उपयोगी पडतो. लिब्रेऑफिस हे लेखन व हिशेबाचे सॉफ्टवेअर मुक्त आहे: त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या सूचनांनी बनले आहे त्या, कोणालाही पाहता येतो आणि त्यामागे द डॉक्युमेंट फाउंडेशन ही देणग्यांवर चालणारी संस्था आहे. व्हीएलसी या व्हिडिओ पाहण्याच्या सॉफ्टवेअरमागे व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे. नुसते मोफत असलेले सॉफ्टवेअर वाईटच असते असे नाही. पण निर्मात्याचे नाव, पत्ता आणि उत्पन्नाचा मार्ग यांपैकी काहीच सापडत नसेल, तर ते उत्पन्न आपल्या माहितीतून किंवा जाहिरातींतून येत असण्याची शक्यता मी धरून चालतो.

फाइल निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी, हा नियम मी सर्वांना सांगतो. मात्र २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हिडिओलॅनचे संकेतस्थळच भारतात बंद होते, आणि तेव्हा लोकांना व्हीएलसी इतरत्र शोधावे लागले. अशा वेळी फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधली डिजिटल सही पाहावी. सही वैध असेल आणि तिथे निर्मात्याचेच नाव असेल, तर सहीनंतर फाइलमध्ये फेरफार झालेला नाही असे समजावे. काही छोटे निर्माते सहीचा खर्च करत नाहीत. त्यांनी फाइलसोबत दिलेला ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ आकडा (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) आपल्या फाइलच्या आकड्याशी जुळवून पाहता येतो. त्याशिवाय व्हायरसटोटल या तपासणीच्या संकेतस्थळावर फाइल टाकली की अनेक अँटिव्हायरसचे मत एकदम मिळते, पण तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही दिली जाते, म्हणून खासगी कागदपत्रे तिथे कधीही टाकू नयेत.

मूळ ठिकाणही पूर्ण निर्धास्त नसते. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या संगणक साफ करण्याच्या साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घातला होता, आणि ती फाइल अधिकृत संकेतस्थळावर, कंपनीच्या खऱ्या सहीसह, जवळपास महिनाभर मिळत होती. त्यामुळे संगणक साफ करणारी किंवा वेगवान करणारी साधने मी घेतच नाही; विंडोजमधल्या ‘डिस्क क्लीनअप’ने घरची गरज भागते.

इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ हा पर्याय निवडून सोबत येणाऱ्या टूलबारसारख्या (ब्राउझरला चिकटणाऱ्या जादा पट्ट्या) गोष्टींसमोरच्या खुणा काढून टाका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुरुस्तीला दिलेल्या संगणकात ‘सगळे भरून देतो’ म्हणत महागड्या सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या, प्रती घालून देणारे आमच्या शहरात भेटतात, तसे आपल्याकडेही भेटतील. त्या प्रती आपण मोफत सॉफ्टवेअरमध्ये धरू नका. त्या बसवण्यासाठी बहुधा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. अशी सूचना दिसली, तर फाइल न उघडता पुसून टाका.