ध्रुवीय अस्वलांसाठीच्या नेतृत्व शिबिरात मुलं नेमकं काय करतात?

तुम्ही नाशिकहून विचारलंय की मुलगी अकरावीत आहे, कॅनडातल्या अशा शिबिरांबद्दल वाचल्यापासून तिने जाण्याचा ध्यासच घेतलाय. पण तिथे जाऊन मुलं अस्वलांसाठी करतात तरी काय, आणि अस्वलाचा नेतृत्वाशी संबंध काय? मी कॅनडातल्या विनिपेग शहरात राहते, ही शिबिरं होतात त्या चर्चिल गावी जाऊन आले आहे आणि विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अस्वलांना खायला घालणं, पिल्लं सांभाळणं, गळ्यात पट्टे बसवणं असलं काहीही मुलं तिथे करत नाहीत. ती बघतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात आणि परतल्यावर आपल्या गावात काय करायचं याचा आराखडा बनवतात. हे ऐकून पालकांचा थोडा विरस होतो. पण शिबिराची आखणी अशी का, हे चर्चिलला गेल्यावर कळतं.

चर्चिल हे मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठावरचं जेमतेम नऊशे वस्तीचं गाव. तिथे जायला रस्ता नाही. विमानाने जायचं, नाहीतर विनिपेगहून रेल्वेने दोन रात्री काढायच्या. या उपसागरातला बर्फ दर उन्हाळ्यात पूर्ण वितळतो आणि अस्वलांना किनाऱ्यावर यावं लागतं. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे सील, आणि सीलची शिकार होते ती बर्फावरूनच. जमिनीवर त्या प्रचंड देहाला पुरेल असं जवळजवळ काही मिळत नाही. अंगावरच्या चरबीवर दिवस काढायचे. रोज साधारण किलोभर वजन उतरतं. चर्चिलजवळ नदीचं गोडं पाणी समुद्राला मिळतं, त्यामुळे तिथे बर्फ लवकर धरतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात अस्वलं तिथे येऊन वाट बघत थांबतात. शिबिरंही त्याच सुमारास होत आली आहेत.

गावाबाहेरच्या टंड्रावर, म्हणजे झाडं नसलेल्या गोठलेल्या माळावर, फिरायला बग्ग्या असतात, जवळजवळ माणसाच्या उंचीच्या चाकांच्या. मागच्या बाजूला उघडा सज्जा आणि त्याला लोखंडी जाळीची जमीन. मी तिथे उभी असताना एक अस्वल बग्गीखाली आलं आणि जाळीला नाक लावून माझे बूट हुंगू लागलं. त्याच्या श्वासाची वाफ जाळीतून वर येत होती. काळं, ओलं नाक, आणि मानेपाशी कातडी सैल पडलेली. वर्गात दाखवलेला आलेख मुलं विसरतील, ही सैल कातडी नाही विसरणार.

आलेखही सांगायलाच हवा. पश्चिम हडसन उपसागरात 1987 मध्ये सुमारे 1,200 अस्वलं होती. 2016 च्या हवाई पाहणीत अंदाज निघाला 842, आणि 2021 मध्ये 618. बर्फाविना काढायचे दिवस 1980 च्या दशकाच्या मानाने तीनेक आठवड्यांनी वाढलेत. वाळलेल्या आईचं दूध आटतं, आणि मार बसतो तो आधी पिल्लांना.

आता नेतृत्वाचं. वाघ वाचवायचा तर जंगल राखता येतं, शिकारी रोखता येतात. अस्वलांच्या शिकारीबाबत आर्क्टिकभोवतीच्या पाच देशांनी 1973 मध्येच करार केला, आणि त्याचा उपयोगही झाला. पण बर्फाभोवती कुंपण घालता येत नाही. तो वितळतो जगभर जळणाऱ्या कोळशा-तेलाने. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून निघालेला कार्बन आणि टेक्ससमधल्या गाडीतून निघालेला, दोन्ही एकाच हवेत मिसळतात. तेव्हा अस्वलाचं भवितव्य बऱ्याच अंशी अशा माणसांच्या हातात आहे, जी त्याला कधी बघणार नाहीत. त्यांच्याशी बोलणारी, त्यांना कामाला लावणारी मुलं हवीत.

ही शिबिरं भरवणारी मुख्य संस्था म्हणजे पोलर बेअर्स इंटरनॅशनल. काही शिबिरं शाळकरी मुलांसाठी, काही प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्यांसाठी. या संस्थेचे अनेक वर्षं प्रमुख शास्त्रज्ञ राहिलेले स्टीव्हन ॲमस्ट्रप यांची हकीकत तुमच्या लेकीला जरूर सांगा. अलास्कात तीस वर्षं अस्वलांचा अभ्यास केलेला हा माणूस. 2007 मध्ये त्यांच्या चमूने अमेरिकी सरकारला अहवाल दिला, की असंच चाललं तर शतकाच्या मध्यापर्यंत जगातली दोन तृतीयांश अस्वलं नाहीशी होतील. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अस्वलाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं. लोकांनी त्यातून 'आता काही उपाय नाही' असा अर्थ काढला. ॲमस्ट्रप यांनी 2010 मध्ये नवा अभ्यास मांडला: उत्सर्जन घटवलं तर बर्फही वाचतो, अस्वलंही. परतीचा रस्ता बंद झालेला नाही. आणि त्याच वर्षी सरकारी नोकरी सोडून ते या संस्थेत आले. मुलांना मी हेच आधी सांगेन, कारण नुसती भीती घालून कोणी कामाला लागत नाही.

परतलेल्या मुलांनी आपापल्या गावात कार्बन घटवणारा काहीतरी उपक्रम उभा करायचा, अशी अपेक्षा असते. पुष्कळ जण झाडं लावतात. चांगलं आहे, पण माझं मत विचाराल तर शाळेची वीज आणि वाहतूक याला हात घालणं जास्त मोलाचं. 'मुलांना इतक्या लांब विमानाने नेऊन उलट कार्बन वाढतो' हा आक्षेप रास्त आहे. परत येऊन काही केलं नाही तर ती नुसती सहलच.

अर्जाचं म्हणाल, तर मुलांची निवड बहुतेक करून संस्थेशी जोडलेल्या प्राणिसंग्रहालयांमार्फत होत आली आहे, आणि ती मुख्यतः उत्तर अमेरिकेतली. नाशिकहून थेट जागा मिळणं अवघड, हे तिला आधीच मोकळेपणी सांगा. तोवर चर्चिलहून शास्त्रज्ञांची थेट प्रक्षेपणं होतात, ती मोफत असतात आणि प्रश्नही विचारता येतात. आणि माणूस-प्राणी प्रश्नावर लोकांशी बोलायचं कसं हे शिकायचं असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2011 पासून बिबट्यांबाबत झालेलं काम तिने समजून घ्यावं. तिथेही बिबट्यांपेक्षा माणसांशीच जास्त बोलावं लागलं. पहिलं पाऊल म्हणून तिने कॉलेजच्या प्राचार्यांकडे वर्षभराची वीजबिलं मागावीत आणि कुठल्या महिन्यात, कशासाठी किती युनिट जळतात ते दोन मैत्रिणींना घेऊन मांडून काढावं. पुढे अर्ज करायची संधी आलीच, तर तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.