ते मूल वर्गात बसलंय असं धरून बोल

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नववीला एचआयव्हीवर तास घ्यायचा आहे आणि पोरं हसतील, पालक भांडायला येतील या धास्तीने तू हवालदिल झाली आहेस. तुझी भीती साहजिक आहे. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि आपल्या राज्यात तो बंद पडला. तेव्हापासून अंग चोरायला शिकलेले कितीतरी शिक्षक आजही "हे पान घरी वाचा" म्हणून पुढे सरकतात. तू तसं करू नकोस.

एकच गोष्ट मनात पक्की कर. जन्मापासून हा विषाणू अंगात असलेलं एक मूल तुझ्यासमोर बसलं आहे असं धरूनच बोल. कोण ते शोधायला जाऊ नकोस. असं मूल अधूनमधून एखादा दिवस गैरहजर राहतं, आजीचा हात धरून सिव्हिलच्या एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, गोळ्या आणायला जातं. दुसऱ्या दिवशी भर वर्गात "काल कुठे होतास?" असं विचारलंस, तर त्याने काय सांगायचं? रजेची चौकशी एकट्याला बाजूला घेऊन कर, तीही सगळ्याच मुलांची.

आता "वाईट वागलं की एड्स होतो" हे वाक्य त्याच्या कानाने ऐक. त्याची आई, कदाचित आता हयात नसलेली, सगळ्यांसमोर वाईट ठरली. १ डिसेंबरच्या, एड्स दिनाच्या प्रभातफेरीत कवटीचं चित्र धरून तेच मूल चालत असतं. म्हणून कवटी नको, 'एड्सचा रोगी' नको, 'बळी' तर नकोच. एचआयव्ही हा विषाणू; उपचार न मिळाल्यास प्रतिकारशक्ती ढासळून पुढे येते ती अवस्था एड्स. इतका फरक नीट सांगितलास तरी निम्मी भीती उतरते.

लागण कशी होते ते आडपडदा न ठेवता सांग : असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, एकाची सुई दुसऱ्याला, आणि आईकडून बाळाला. सुईचं सांगताना जत्रेतलं गोंदण आठवणीने घे. एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांना गोंदतात आणि नववीची पोरं त्या रांगेत असतातच. डास, डबा, मिठी, शौचालय यांतून काही होत नाही. 'संयम पाळा' एवढ्यावर थांबू नकोस. कंडोम हा शब्द फळ्यावर लिही. हसू येईल, येऊ दे. तुझा आवाज खाली गेला नाही तर ते मिनिटभरात विरतं.

उपचारांबद्दल सांगताना मात्र घाई करू नकोस, कारण पोस्टरवर ते क्वचितच असतं. सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधं मोफत मिळतात. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. गरोदरपणी आईला वेळेत औषध सुरू झालं तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. त्या मुलाने नोकरी, लग्न, लेकरं यांची स्वप्नं पाहावीत अशा स्वरात हे सांग.

प्रश्नांसाठी चिठ्ठ्या घे. सगळ्यांना सारखे कागद दे आणि ज्याला काही विचारायचं नाही त्यालाही दोन ओळी लिहायला लाव, म्हणजे कोण लिहितंय ते शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाच, उत्तरं पुढच्या तासाला दे. मुलींना वेगळं बसवायचं तर एखादा जादा तास तसा घे, पण मूळ तास एकत्रच होऊ दे.

एखादी चिठ्ठी अत्याचाराचीही निघेल. "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसू नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने तुला ते पोलिसांना कळवावंच लागतं. घटना ताजी असेल तर मुलाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात ने. लागण टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितक्या लवकर तितकं बरं.

पालकांचं म्हणशील तर तासाच्या आधीच सभा घे आणि काय शिकवणार ते जसंच्या तसं वाचून दाखव. कुणी म्हणालं "तसलं मूल शाळेत नको", तर २०१७ चा एचआयव्ही कायदा पुढे ठेव : या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची लागण उघडही करता येत नाही. १०९७ हा मोफत मदतीचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिही आणि आठवडाभर पुसू देऊ नकोस.

टिपण तयार झालं की मला पाठव, तासाच्या आधी वाचून कळवते.

तुझी,
बाई