चहाच्या फ्रँचायझीत साडेबारा लाख घालू का?

प्रश्न: मी ३४ वर्षांची फिजिओथेरपिस्ट. सांगलीत विश्रामबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत क्लिनिक आहे, खर्च जाऊन महिन्याला ४५ हजार सुटतात. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, पगार ३२ हजार. मुलगा पाच वर्षांचा. इन्स्टाग्रामवर एका चहाच्या ब्रँडची रील्स सारखी येतात: रोज ५०० कप, महिना ९० हजार नफा, रॉयल्टी शून्य. एकूण खर्च साडेबारा लाख, त्यात फी तीन लाख. पीपीएफमधून साडेतीन, एफडी मोडून तीन आणि सहा लाख कर्ज असा विचार आहे. चालवायला दोन मुलं ठेवू. माझ्या बॅचचे पुण्यातले बरेच जण आता ‘फाउंडर’ झालेत. पेशंटसुद्धा आधी प्रोफाइल बघून येतात. नावापुढे ‘उद्योजिका’ लागलं तर क्लिनिकचंही वजन वाढेल असं वाटतं. रविवारी पुण्यात मेळावा आहे, तिथे ५१ हजार टोकन भरलं तर फीमध्ये सूट आहे. भरू का?

उत्तर: ताई, रविवारी टोकन भरू नका. कारण सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखी तीन पत्रं या वर्षात माझ्याकडे आली आहेत आणि प्रत्येकात सुरुवात मोबाइलवरच्या रांगेपासूनच होते.

तुम्ही पत्रात ज्या शाखेचं नाव दिलंत, तिथे मी गुरुवारी संध्याकाळी जाऊन बसलो. मालकाला आधी सांगितलं, त्यांनी कोपऱ्यातला बाक दिला. पाच ते सात या ऐन गर्दीच्या वेळात ७४ कप गेले. दिवसभराचे साधारण २२० होतात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग मी तुम्ही पाठवलेली रील त्यांना दाखवली. ते म्हणाले, ‘ही आमच्याच उद्घाटनाची. त्या दिवशी चहा एक रुपयात होता.’ रस्त्यापर्यंत गेलेली ती रांग खरी होती, फक्त एका दिवसाची होती.

आता २२० कपांचा हिशेब मांडू. १५ रुपयांप्रमाणे महिन्याची विक्री ९९ हजार. दूध, साखर, गॅस, कागदी कप आणि कंपनीकडूनच घ्यायची पावडर व मसाला मिळून कपामागे ७ रुपये, म्हणजे ४६,२०० रुपये. गाळ्याचं भाडं १८ हजार, दोन मुलांचा पगार २४ हजार, वीज आणि किरकोळ ६ हजार. हातात राहतात ४,८०० रुपये. सहा लाखांच्या कर्जाचा १२ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १३,३०० च्या पुढे जातो. म्हणजे दर महिन्याला साडेआठ हजार रुपये क्लिनिकच्या कमाईतून चहाच्या दुकानात ओतायचे. हप्ता धरून नुसतं बरोबरीला यायचं तरी रोज २५६ कप विकावे लागतात. आणि रील्समधले ५०० कप खरे धरले तरी हप्त्याआधी ७२ हजार निघतात, ९० हजार नाहीत. तेही दोनच मुलं ५०० कप सांभाळतील असं गृहीत धरून. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात आणि विश्रामबागेतली निम्मी गर्दी गावाला जाते, ते यात अजून धरलेलंच नाही.

‘रॉयल्टी शून्य’ हा शब्द तुम्हाला फार आवडलेला दिसतो. रॉयल्टी म्हणजे विक्रीतला कंपनीचा वाटा. तो घेत नाही ती कंपनी पावडरीत, मसाल्यात आणि इंटिरिअरमध्ये कमावते. त्यात गैर काही नाही, धंदाच आहे. पण मग माल बाहेरून घ्यायची मुभा करारात नसते, आणि पावडरीचा भाव त्यांनी वाढवला की तुम्हाला कपामागे सुटणारे आठ रुपये सात होतात. तीन लाखांच्या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४ हजार. ते परत मिळतील असं तुम्हाला सांगितलंय. मिळणार नाहीत. उलाढाल २० लाखांच्या आत राहिली तर तुम्हाला नोंदणीच लागत नाही, मग क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कसलं? आणि नोंदणी करून खाद्यपदार्थांवर ५ टक्क्यांनी कर भरलात तर त्या दरात इनपुट क्रेडिट बसत नाही.

कायद्याचा आधार किती, तेही माहीत असू द्या. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला करार किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. मुख्य आधार १८७२ चा करार कायदा, म्हणजे तुम्ही सही कराल तेच खरं. पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्यांनी ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगायला हवं, असे नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पण तुमचे बुडालेले पैसे त्या दंडातून परत येत नाहीत. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर व्यापारासाठी घेतलेल्या सेवेला २०१९ च्या कायद्यात ग्राहक म्हणून दाद नाही. स्वतः राबून त्यावर पोट भरणाऱ्याला अपवाद आहे. स्वतःचं क्लिनिक सांभाळून दोन मुलांकडून दुकान चालवणाऱ्या माणसाला तो अपवाद पटवून देणं अवघड जाईल.

तासगावला माझे एक ग्राहक आहेत. त्यांनी अशीच एक फ्रँचायझी घेतली होती, चहाची नाही, दुसऱ्या पदार्थाची. चौदा महिन्यांत बंद झाली. कंपनीने मशीन परत घेतलं नाही, कारण करारात तसं कलमच नव्हतं. मी गेलो तेव्हा ते मशीन पडवीत जुन्या चादरीखाली होतं आणि वहिनी त्यावर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी ते हसून दाखवलं, पण मला काही हसता आलं नाही. हप्ते अजून तीन वर्षं होते.

पीपीएफबद्दल एकच सांगतो. पाच वर्षं झाल्यावर ठरावीक मर्यादेत पैसे काढता येतात, नियमात बसतं. पण त्या खात्यावर कर्जवसुलीसाठी कोर्टाच्या हुकमानेही जप्ती येत नाही. धंद्यात जोखीम घेणाऱ्या घरात नेमका हाच पैसा शेवटपर्यंत जागेवर असावा लागतो. एफडीही मोडली तर मुलाच्या आजारपणाला घरात काय उरतं?

आता ‘उद्योजिका’. या शब्दामागची ओढ मला कळते, तिला मी कमी लेखत नाही. सात-आठ वर्षं रोज दुसऱ्यांचे गुडघे आणि कंबरा सरळ करताना आपलं नाव कुठेच दिसत नाही, हे बोचतंच. पण ताई, स्वतःचं क्लिनिक चालवणारी बाई उद्योजिका नाही तर कोण? आणि वेळेचं बघा. चहाची गर्दी संध्याकाळी पाच ते आठ, तुमचे पेशंटही त्याच वेळी. गल्ल्यावर कोणी घरचं नसेल तर कपांचा हिशेब दोन महिन्यांत सैल होतो. तुम्ही गल्ल्यावर उभ्या राहिलात तर क्लिनिकला कुलूप.

तुम्हीच लिहिलंय की संध्याकाळी चार-पाच जण बाहेर खुर्चीवर थांबलेले असतात आणि एखादा कंटाळून निघून जातो. मग दुसऱ्या खोलीत आणखी एक बेड, पडदा, एक मशीन आणि संध्याकाळपुरती एक नवीन पास झालेली मुलगी मदतीला, असं दीड लाखांत बसवा. रोज दोन पेशंट वाढले, ३०० रुपये आणि २५ दिवस धरले, तर १५ हजार येतात. मुलीला ८ हजार दिले तरी ७ हजार उरतात, कर्जाशिवाय. एफडीतले दीड लाख तसेच राहतात, पीपीएफला हातही लागत नाही.

आणि प्रोफाइलही करा, जरूर करा. आपल्या भागात द्राक्षबागेत बायका दिवसदिवस मंडपाखाली हात वर करून विरळणी करतात, त्यांचे खांदे धरतात. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालांच्या कंबरा जातात. यावर साध्या मराठीत दीड मिनिटाचा व्हिडिओ करा, दर आठवड्याला एक. स्टँड आणि माइक अडीच हजारांत येतो. पेशंटचा चेहरा लेखी परवानगीशिवाय दाखवू नका. हे पुण्यातल्या तुमच्या मैत्रिणींना जमणार नाही, कारण तो खांदा त्यांनी रोज हातात घेतलेला नाही.

चहाची गोष्ट कायमची बंद करा असं मी म्हणत नाही. मिस्टरांना नोकरी सोडून स्वतः गल्ल्यावर बसायचं असेल, गाळा मिरजेच्या दवाखान्यांच्या रस्त्यावर मिळत असेल आणि सगळं चार-पाच लाखांत बसत असेल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा कराराचा मसुदा आधी मागवा. माल बाहेरून घेता येतो का, जवळच दुसरी शाखा देणार नाहीत ना, बंद केल्यास काय परत मिळतं आणि वाद कुठल्या शहरातल्या कोर्टात, ही चार कलमं वकिलाकडून वाचून घ्या. बंद पडलेल्या तीन शाखांच्या मालकांचे फोनही मागा. चालणाऱ्यांचे ते आपणहून देतील.

आणि टोकन आधीच ऑनलाइन भरलं असेल, तर घरी लपवू नका. पावती आणि सगळे मेसेज जपून ठेवा आणि ई-मेलने आजच पैसे परत मागा.