पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणी या रेडिओ केंद्रावर (107.4 एफएम) व्याख्यान, गाणी, मुलाखत असं दिवसभर वेगवेगळं का लागतं?

कारण ते सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. चित्रपटगीतं वाजवून जाहिराती मिळवणं हे त्याचं कामच नाही. केंद्र सरकारच्या धोरणानुसार अशा केंद्रावरचा निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा लागतो, आणि तोही शक्यतो त्यांच्याच भाषेत. म्हणून प्राध्यापकांनंतर एखादी आजी ओव्या म्हणते, मध्येच तिचा श्वास घेतलेलाही ऐकू येतो. मला तर तेच सगळ्यात मोलाचं वाटतं! फक्त एक लक्षात घ्या: प्रक्षेपणाची ताकद साधारण 100 वॅटच. गणेशखिंडीच्या आसपास स्वच्छ लागेल, हडपसरला खरखर आली तर तुमचा रेडिओ बिघडलाय असं समजू नका.